थेंबांचा स्वेटर

लिफ्टमध्ये अनोळखी माणसाच्या पाठीकडे टक लावून बघू नये, एवढं टाचणीला कळत होतं. पण डोळेच ते! दिवसभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय लागलेले. समोरच्या पाठीवर राखाडी स्वेटर होता, स्वेटरवर वेण्यांची वीण होती, आणि उजव्या खांद्याखाली एक वेणी भलतीकडेच वळली होती.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पहिला मजला गेला. दुसरा आला तसा तिचा धीर सुटला.

"अहो... तुमच्या स्वेटरची एक वेणी चुकलीय."

तो वळला. उंच, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू चूक दाखवली नसून बक्षीस जाहीर केलंय.

"कुठली?"

"उजव्या खांद्याखालची. बाकी सगळ्या डावीकडून उजवीकडे जातायत, ही एकटीच उलटी आलीय. ज्यानं कोणी विणलाय ना, त्याचं लक्ष नव्हतं."

"नव्हतंच," तो म्हणाला. "मॅच चालू होती."

हे वाक्य टाचणीच्या डोक्यात शिरायला अर्धा मजला लागला.

"म्हणजे... तुम्ही? स्वतः?"

"स्वतः. आता पुढून पण तपासून घ्या. उगाच मनात राहायला नको." आणि तो खरोखरच हात पसरून उभा राहिला.

टाचणीचे कान तापले. लिफ्टचं दार उघडलं म्हणून वाचली... असं तिला वाटलं. पण तिसऱ्या मजल्यावर दार एकच होतं, लोकरीच्या दुकानाचं, आणि तोही तिथंच वळला.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. मोठ्या भावानं ठेवलेलं नाव. बारीक अंगकाठी आणि टोचण्याची खोड, दोन्ही बघून ठेवलेलं. भावाचं लग्न झालं तसं वहिनीनंही ते उचललं, आणि मग ते तिला कायमचं चिकटलं. छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. पाठ्यपुस्तकं, कवितासंग्रह, औषधाच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद, सगळं तिच्या लाल पेनाखालून जायचं. इतकी वर्षं इतक्या जणांची नावं तिनं नीट छापली गेलीत ना म्हणून तपासली होती, पण स्वतःचं नाव छापलेलं कधी बघितलं नव्हतं. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. वहिनीला मात्र ठाऊक होती.

आणि म्हणूनच ती या वर्गाला आली होती.

वर्ग शनिवारी दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत भरायचा. दुकान मास्तरीणबाईंचं, वर्गही त्यांचाच. भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लोकरीचे गुंडे, आणि मधोमध एक लांबलचक टेबल. नुसते उलट-सुलट टाके येणाऱ्यांना इथं प्रवेश नव्हता. इथं आपला नमुना आपणच रचायचा. चौकोनांच्या कागदावर तो टाक्या-टाक्यानं मांडायचा, मग कुणालाही कळेल असा शब्दांत लिहून काढायचा. वर्गातला सगळ्यात चांगला नमुना लोकरीच्या गिरणीच्या हिवाळी पुस्तिकेत छापला जाणार होता. रचणाऱ्याच्या नावासकट.

"आता नीट ऐका," सगळ्यांचे नमुने रचून झाले त्या शनिवारी मास्तरीणबाई साखळीचा चष्मा नाकावर चढवत म्हणाल्या. "चिठ्ठ्या टाकून जोड्या लावणार आहे. जोडीदारानं तुमचा नमुना विणायचा, तुम्ही त्याचा. आणि वर्ग संपेपर्यंत आपल्या नमुन्याबद्दल जोडीदारासमोर चकार शब्द काढायचा नाही. मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही. जे सांगायचं ते कागदावर. पुस्तिका छापल्यावर तुम्ही काय वाचणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याशेजारी बसणार आहात? बोललात की बाद!"

टाचणीची चिठ्ठी उघडली. जोडीदार... तोच, उलट्या वेणीचा. त्याचं खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. मास्तरीणबाईंनी दोघांचे पहिल्या दिवशी विणलेले तुकडे शेजारी-शेजारी धरले आणि मान हलवली.

"बघा ही जोडी! हिच्या विणीत पाणी भरून ठेवता येईल, आणि याच्या विणीतून मांजर आरपार जाईल."

सगळी खोली हसली. सगळ्यात मोठ्यानं चष्मेवाला. टाचणीनं मात्र मनातल्या मनात कपाळाला हात लावला. झालं! इतक्या कष्टानं रचलेला नमुना, आणि पडला कुणाच्या हातात, तर मॅच बघत विणणाऱ्याच्या!

नमुना तिनं खरंच जीव ओतून रचला होता. छापखान्यात तिच्या टेबलासमोर एक मोठी खिडकी होती. पाऊस आला की काचेवरून थेंब ओघळत. सरळ येता येता एखादा मध्येच तिरका व्हायचा, शेजारच्याला जाऊन मिळायचा, आणि मग दोघे मिळून भरभर खाली. ते बघत बघत तिनं कागदावर चौकोन भरले होते. साध्या विणीवरून एकेक टाका सरकवत न्यायचा, वाटेत दोन टाक्यांचा एक करायचा. स्वेटर गळ्यापासून सुरू करून खाली उतरायचा, कुठंही शिवण नाही. आधी अंग, शेवटी बाह्या.

आणि माप? माप तिचं स्वतःचं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःसाठी काही रचत होती.

चष्मेवाल्याचा नमुना तिनं घरी जाऊन उघडला, लाल पेन हातात घेऊनच. पहिलंच वाक्य होतं, "आधी खांदे खाली सोडा. वर गेलेत ते."

तिनं दचकून खांदे खाली सोडले.

"ही कानटोपी माझ्या वडिलांसाठी आहे," पुढं लिहिलं होतं. "त्यांच्या डोक्यावर केस नाहीत, पण मिजास आहे, तेव्हा टोपी रुबाबदार झाली पाहिजे. सुरुवातीला एक छोटा तुकडा विणा आणि एका वितीत किती टाके बसतात ते मोजा. मी दिलेल्या आकड्याशी जुळले तरच पुढं जा, नाहीतर सुई बदला." आणि खाली, कपाळावरच्या नक्षीपाशी, "ही ओळ अवघड आहे. विणताना शिव्या दिल्यात तरी चालेल, मी ऐकायला नाही."

टाचणी एकटीच हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन तिनं पेनाचं टोपण लावून टाकलं.

नमुन्याबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर बाकी सगळं बोलायला मोकळीक होती. आणि चष्मेवाला तिचा पुरेपूर फायदा घेई. टेबलाशी तिच्या शेजारची खुर्ची पकडायचा, सुया चालवायचा आणि आडून आडून विचारायचा.

"या रेघा... नद्या आहेत का?"

टाचणीनं नजर सुयांवरच ठेवली.

"मुळं असतील. झाडाची."

"मास्तरीणबाई, हे मला बोलायला लावतायत!"

"मी कुठं? मी स्वेटरशी बोलतोय." मग स्वेटरकडे वाकून, "काय रे, कोण आहेस तू? तुझी आई फार कडक आहे बघ."

हसू दाबताना टाचणीचा टाका सुटायचा. तो सुटलेला टाका चष्मेवालाच आधी बघायचा, आणि न बोलता बोटानं दाखवायचा. पहिल्यांदा तिला राग आला. दुसऱ्यांदा आला नाही. आणि नंतर नंतर... नंतर तर शनिवार इतका उशिरा का येतो, याचाच तिला राग येऊ लागला.

एका शनिवारी वर्ग सुटला आणि बाहेर पाऊस लागला. झोडपणारा नव्हे, रेंगाळणारा. टाचणीकडे छत्री नव्हती. चष्मेवाल्यानं खालचं दुकान उघडून दिवा लावला.

"बसा इथं. पाऊस थांबेपर्यंत डोळे तपासून देतो."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"ते मला लिफ्टमध्येच कळलं. तरी बसा."

ती उंच खुर्चीवर बसली. त्यानं तिच्या नाकावर ती जड, गोल, गमतीदार चौकट चढवली आणि भिंगं बदलायला सुरुवात केली.

"आता स्पष्ट दिसतंय... की आता?"

"दोन्ही सारखंच."

"समोरचा माणूस कसा दिसतोय?"

"धूसर."

"मग बरा दिसत असेल."

ती खळखळून हसली. चौकट नाकावरून घसरली, ती सावरायला दोघांचे हात एकदमच पुढं आले, आणि एकदमच मागं गेले. टाचणी उगाचच दुकानाच्या मोठ्या काचेकडे बघू लागली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. काचेवरून एक थेंब सरळ आला, थबकला, तिरका झाला, आणि शेजारच्या थेंबाला जाऊन मिळाला.

चष्मेवाला तिच्या नजरेमागून बघत होता. बराच वेळ बघत होता. मग एकदम ओरडला, "थेंब!"

टाचणीनं दातांखाली ओठ धरला.

"नाही नाही, मान हलवू नका. भुवईसुद्धा नको. मी विचारतच नाहीये." तो काचेजवळ गेला, थेंबाच्या वाटेवरून बोट फिरवलं. "इतके दिवस मी हेच विणतोय आणि मला... किती सुंदर रचलंय हो तुम्ही!" मग तिच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "बरं, कान लाल होण्यावर बंदी आहे का?"

पाऊस केव्हा थांबला ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात टाचणी सारखी विणत होती. जेवण झालं की विणकाम, चहा झाला की विणकाम. सुया नुसत्या पळत होत्या. एकेकाळी तिच्या टाक्यांतून सुई ओढताना करकर वाजायचं, ते कधी बंद पडलं तेही तिला कळलं नाही. टोपी पुरी झाली तशी तिनं ती हौसेनं भावाच्या डोक्यावर चढवली. टोपी कपाळावरून खाली आली, डोळ्यांवरून उतरली आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन टेकली.

"कोण आहे तिकडं? दिवे गेले का?" भाऊ आतून म्हणाला.

"असं कसं?" टाचणी गोंधळली. "तुकडा विणून बघितला होता मी. आकडा बरोबर जुळला होता!"

वहिनीनं टोपी काढून घेतली, चिमटीत धरून ताणली, उजेडापुढं धरली. मग नणंदेकडे बघितलं. वहिनीचं ते बघणं म्हणजे क्ष-किरण.

"टाचणी, तुझा हात सैल पडलाय."

"काहीतरीच!"

"तुकडा विणलास तेव्हा रागात होतीस. आता नाहीयेस. इतकी वर्षं बघतेय, तुझा टाका कधी एवढासा ढिला झाला नाही." वहिनीनं टोपी तिच्याच डोक्यावर घातली. "कोण आहे तो?"

टोपीच्या आत टाचणीचा चेहरा पेटला. आणि त्या लोकरीच्या अंधारात एकाच वेळी दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या. पहिली वहिनीनं सांगितलीच होती. दुसरी मात्र कुणीच सांगितली नव्हती. चष्मेवाल्यानं टाक्यांचा आकडा दिला होता, म्हणून निदान टोपी कुठं चुकली ते तरी कळलं. तिनं आपल्या नमुन्यात असा आकडा दिला होता का?

ती धावत जाऊन आपल्या नमुन्याची प्रत घेऊन आली. वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. एकेक चौकोन अचूक, एकेक शब्द जागच्या जागी. आणि आकडा नाही. तुकडा विणून बघा, हे नाही. कुणाच्या मापाचा, हेही नाही. तिला स्वतःचा घट्ट हात इतका सवयीचा होता की जगात दुसऱ्या तऱ्हेचा हात असू शकतो, हे लिहिताना मनातच आलं नाही. दुनियेच्या चुका काढणारी बाई, आणि स्वतःची एवढी मोठी चूक डोळ्यांसमोरून निसटली!

शनिवारी तिनं चष्मेवाल्याच्या मांडीवर बघितलं आणि खुर्ची ओढता ओढता ती थांबली. थेंब सुरेख उतरले होते, एकही चुकला नव्हता. पण स्वेटरचं अंग! त्यात दोन टाचण्या सहज मावल्या असत्या, वर हवा खेळायला जागा उरली असती.

सांगावं? सांगितलं की बाद. नाव छापून येणं दूरच राहिलं. न सांगावं, तर हा बिचारा दिवसदिवस विणतोय तो असाच विणत राहणार. ती तोंड उघडायची आणि मिटायची.

चष्मेवाल्यानंही त्या दिवशी स्वेटरशी थट्टा केली नाही. सुयांवरची नजर न उचलता म्हणाला, "छाती चांगलीच रुंद आहे."

"कुणाची?"

"ज्यांच्यासाठी आहे त्यांची. पहिलवान आहेत का?"

हा नेहमीसारखी थट्टा करतोय, असं समजून टाचणी कसंबसं हसली. तो हसला नाही. त्यानं एक सुस्कारा सोडला आणि लोकर बोटाभोवती आणखी एक वेढा देऊन आवळून धरली.

शेवटचा शनिवार उजाडला. सगळ्यांनी आपापली विणकामं टेबलावर मांडली. मास्तरीणबाई एकेकापाशी थांबत थेंबांच्या स्वेटरपाशी आल्या, आणि पुढं सरकल्याच नाहीत. बोटानं एक थेंब वरून खाली शोधत गेल्या.

"याला म्हणतात रचना," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, पण असं काही बघितलं नव्हतं." मग त्यांनी स्वेटर उचलून उभा धरला, आणि खोलीत खसखस पिकली. अंग तंबूएवढं, आणि त्याला लटकलेल्या दोन बाह्या... लहान मुलाच्या असाव्यात अशा चिंचोळ्या, आवळलेल्या.

"अरे, हे काय? अंग एकानं विणलं आणि बाह्या दुसऱ्यानं?"

"मीच विणलंय सगळं," चष्मेवाला मान खाली घालून म्हणाला. "अंगाच्या वेळी हात सैल होता. नंतर... आखडला. नमुन्यात काही खोट नाही, बाई. माझाच हात वाईट."

"ते तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. विणणाऱ्याच्या दोषाची शिक्षा नमुन्याला नको." मास्तरीणबाई टाचणीकडे वळल्या, हसल्या. "पुस्तिकेत हाच जाणार. तुझं नाव नीट लिहून दे मला, छापताना चुकायला नको."

आजूबाजूला टाळ्या वाजल्या. टाचणीला त्या ऐकूच आल्या नाहीत. तिला दिसत होती ती फक्त चष्मेवाल्याची खाली झुकलेली मान. इतक्या दिवसांत त्या माणसाची मान तिनं कधी खाली गेलेली बघितली नव्हती. आपली चूक सांगून टाकली तर नाव जाणार होतं. न सांगितली तर ही मान अशीच राहणार होती. एवढा साधा हिशेब!

"बाई, त्याचा हात वाईट नाहीये," ती म्हणाली. "वितीत टाके किती, ते मी लिहिलंच नाही. तुकडा विणायला सांगितलं नाही. माप कुणाचं, तेही नाही. सगळं माझ्या हाताच्या हिशेबानं रचलं आणि तो हात नुसता माझ्याच अंगाला आहे हे विसरले. हा नमुना पुस्तिकेत छापलात तर घरोघरी असेच तंबू होतील."

टाळ्या थांबल्या.

"अगं, बोललीस की तू," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. मी बाद."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "बाद तर बाद. पण पुढच्या हिवाळ्याच्या वर्गाला आली नाहीस तर बघ! आणि आकडा लिहून आण." एवढं बोलून त्या पुढच्या विणकामाकडे गेल्या, पण पाठमोऱ्या होताना गालातल्या गालात हसत होत्या.

चष्मेवाला मात्र जागचा हलला नव्हता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "माप कुणाचं आहे म्हणालात?"

"माझं."

"तुमचं? म्हणजे... पहिलवान?"

"कुठला पहिलवान?"

"ज्याची छाती एवढी आहे तो!" त्यानं तंबू दोन्ही हातांनी फडकवला. "मी रोज विणायचो आणि रोज तो रुंद होत जायचा. म्हटलं, एवढ्या प्रेमानं थेंब रचलेत, म्हणजे नक्कीच कुणीतरी... आणि बाह्यांपर्यंत येता येता माझ्या हाताला काय झालं ते मलाच कळेना. प्रत्येक टाक्याला वाटायचं, आवळावा त्याचा गळा!"

आता अख्खा वर्ग कान टवकारून ऐकत होता. टाचणीला त्याचं भान उरलं नव्हतं. हसू आणि रडू एकदमच फुटलं होतं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "कुणी नाहीये पहिलवान! तुझ्या वडिलांची टोपी बघितलीस का? नाकापर्यंत येते ती. इतकी वर्षं माझा हात कुणाच्यानं ढिला झाला नाही. तुझ्यामुळं झाला. आता याहून स्पष्ट कसं लिहून देऊ मी तुला?"

चष्मेवाल्याचं ते लिफ्टमधलं हसू कानापासून कानापर्यंत पसरलं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, बाहीचं टोक सोडवलं आणि लोकर ओढू लागला. टाचणीनं दोन्ही हात पुढं केले. उसवलेली लोकर तिच्या हातांभोवती गुंडाळली जाऊ लागली, नागमोडी, ऊबदार.

"सगळं उसवायचं?" तिनं विचारलं. "किती मेहनत घेतलीस..."

"मेहनत कसली? तुझ्या मापाचा पुन्हा विणायला मिळतोय." तो तिच्या मनगटांभोवती आणखी एक फेरा देत म्हणाला. "आणि एक सांगू? मला तू आवडतेस. लिफ्टपासून. हे मी मॅच बघत नाही सांगत, अगदी लक्ष देऊन सांगतोय."

तेवढ्यात टाचणीच्या पिशवीत फोन वाजला. तिचे हात लोकरीत अडकलेले, म्हणून त्यानंच फोन काढून तिच्या कानाशी धरला. पलीकडं वहिनी होती.

"काय झालं गं? छापणार ना नाव?"

"नाही वहिनी. बाद झाले."

"अगं बाई! ... आणि मग हसतेस काय अशी?"

टाचणीनं समोर बघितलं. फोन धरलेला हात तिच्या गालाला टेकला होता, आणि तो काढून घ्यायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"वहिनी, संध्याकाळी जेवायला एकाला घेऊन येतेय मी," ती म्हणाली. "दादाला सांग, घरीच थांब."